तलासरीच्या वर्गातला व्यसनमुक्तीचा तास

दरवर्षी २६ जून उजाडला की शाळाशाळांतून दोन कार्यक्रम एकाच सकाळी उरकावे लागतात. राजर्षी शाहू महाराजांची जयंती, म्हणजे सामाजिक न्याय दिन, हा एक. दुसरा जागतिक अमली पदार्थविरोधी दिन. संयुक्त राष्ट्रांनी १९८७ साली ठराव करून हा दुसरा दिवस ठरवला. महाराजांच्या प्रतिमेला हार घातला जातो, मग मुले रांगेने गावातून फिरतात, ‘व्यसन सोडा, संसार जोडा’ अशा घोषणा देतात, परत येऊन खाऊ घेतात आणि घरी जातात. शाळेच्या दप्तरी अहवाल लागतो. वर्षभराचे काम झाले.

तलासरी-डहाणू भागात या दिवसाची आणखी एक गंमत आहे, तिला गंमत म्हणावे की नाही कोण जाणे. शाळा उघडते जूनच्या मध्याला. पहिला पाऊस पडून भाताची राब हिरवी झालेली असते, लावणी तोंडावर आलेली असते. घरात हात कमी असले की आठवी-नववीची मुले वर्गात न येता शेतावर असतात. काहींचे आईबाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा रेतीच्या कामाला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्या मुलांचे शाळेत येणे जुलैपर्यंत रखडते. म्हणजे ज्या मुलांनी व्यसनाबद्दल चार शब्द ऐकायला हवेत, नेमकी तीच २६ जूनला वर्गात नसतात.

हे मला आमच्या एका शिक्षक मित्राने सांगितले. तलासरी तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये ते अनेक वर्षे शिकवतात. नाव छापू नका म्हणाले, म्हणून छापत नाही. मध्यंतरी त्यांच्याकडे गेलो असता त्यांनी एक बिस्किटाचा रिकामा पत्र्याचा डबा माझ्यापुढे ठेवला. झाकणाला फट पाडलेली होती. आत वहीच्या फाडलेल्या कागदांच्या चिठ्ठ्या होत्या. “हा आमचा अभ्यासक्रम,” असे म्हणून ते हसले.

त्या डब्याची हकीकत अशी. एकदा शाळेत बाहेरून पाहुणे आले होते. त्यांनी पडद्यावर चित्रे दाखवली. कवटी, इंजेक्शनची सुई, खंगलेला तरुण, रडणारी आई. ‘गर्द घेऊ नका, हेरॉइन घेऊ नका’ असे तळमळीने सांगितले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पाहुणे गेल्यावर सरांनी वर्गात सहज विचारले, “अशी सुई, अशी पावडर तुमच्यापैकी कोणी पाहिली आहे का?” एकही हात वर आला नाही. “घरात तंबाखू मळताना कोणी पाहिली आहे?” सगळे हात वर. “आणि खाऊन कोणी पाहिली?” सगळे हात खाली, आणि मागच्या बाकावर खसखस पिकली. त्या हसण्यातच सरांना उत्तर मिळाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी डबा वर्गाच्या दाराशी टांगला. नाव न लिहिता काहीही विचारा, म्हणाले. पंधरा दिवस डबा रिकामाच. मग एक चिठ्ठी आली, मग दोन, मग इतक्या की दर शनिवारी शेवटचा तास चिठ्ठ्यांचा झाला.

त्यातल्या काही चिठ्ठ्या त्यांनी मला वाचू दिल्या. ‘गुटखा बंद आहे तर मिळतो कसा?’ ‘तंबाखू लावली की दाढ दुखायची थांबते, मग ती औषध का नाही?’ ‘पंक्चरच्या सोल्युशनचा वास घेतला तर काय होते?’ ‘दादा वापीला कंपनीत आहे, तो म्हणतो रात्रपाळीला पुडीशिवाय जागता येत नाही. खरे का?’ आणि सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न: ‘ताडी ही दारू आहे का?’

ताडीचा प्रश्न

शहरात बसून या शेवटच्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येईल. तलासरीत येत नाही. ज्या शाळेच्या भिंतीवर मुलांनीच वारली चित्र काढले आहे आणि त्या चित्रात ताडाच्या झाडावर चढणारा माणूस आहे, त्या भिंतीकडे पाठ करून ‘ताडी वाईट’ म्हणणारा शिक्षक मुलांच्या आजोबालाच वाईट म्हणत असतो. मुले मान डोलावतात आणि मनात शिक्षकाचे नाव कायमचे खोडतात.

सरांनी मग विज्ञानाचा तास घेतला. पहाटे झाडावरून उतरवलेला ताजा गोड रस म्हणजे नीरा. हवेतले, मडक्यातले यीस्ट त्या साखरेवर तुटून पडते आणि ऊन चढेल तसा रस आंबत जातो. दुपारपर्यंत त्यात बिअरइतका, चार-पाच टक्क्यांपर्यंत मद्यार्क होतो. तेव्हा उत्तर हो, ताडी ही दारूच. आजोबा लग्नात, देवकार्यात एक पेला घेतात आणि पंधरा वर्षांचा मुलगा रोज संध्याकाळी घेतो, या दोन गोष्टी एक नव्हेत. कारण माणसाचा मेंदू पूर्ण वाढायला पंचविशी येते. विचार करून ‘नको’ म्हणणारा मेंदूचा पुढचा भाग सर्वांत शेवटी पक्का होतो. कोवळ्या वयात नशेची सवय लागली तर पुढे ती सुटणे अधिक कठीण जाते, हे जगभर दिसून आले आहे.

आणखी एक गोष्ट सरांनी सांगितली, ती आपल्या वाचकांनीही ध्यानात ठेवावी. आज बाजारात, नाक्यावर जी ताडी म्हणून विकली जाते ती पुष्कळदा झाडाची नसतेच. पाण्यात साखर-सॅकरीन आणि क्लोरल हायड्रेट नावाचे गुंगीचे रसायन घालून ती बनवली जाते. कधी झोपेच्या गोळ्याही घालतात. हे पिणाऱ्याला काही दिवसांनी साधी ताडी चढत नाही, आणि ती मिळाली नाही तर हात कापतात, झटके येतात. आजोबांच्या पेल्यात हे नव्हते.

हातभट्टीची गोष्ट त्याहून भयंकर. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली, सारी कष्टकरी. जुलै २०२२ मध्ये दारूबंदी असलेल्या गुजरातेत बोटाद भागात तसेच घडले आणि चाळीसहून अधिक बळी गेले. दोन्हीकडे गुन्हेगार एकच, मिथेनॉल. कारखान्यात लागणारा हा स्पिरिट रंगाने, वासाने दारूसारखाच असतो. पण शरीरात गेल्यावर त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि ते आधी डोळ्यांची नस जाळते. मेला नाही तो आंधळा होतो.

इथे थोडे थांबून एक जुना हिशेब मांडला पाहिजे. ‘आदिवासींच्या रक्तातच दारू आहे’ असे बोलणारी माणसे आपल्यातही आहेत. आपल्या वस्त्यांबद्दलही हेच बोलले जात होते, हे आपण विसरतो. या भागात मोह होता, ताड होता, शिंदी होती; पण पिणे सणावाराचे होते, घरच्या घरी होते. १८७८ साली इंग्रजांनी मुंबई इलाख्यात अबकारी कायदा आणला. झाडावर कर बसला, ठेकेदार आले. १८९२ साली तर खास ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांचा कायदा झाला आणि जंगलात पडणारी फुले परवान्याशिवाय बाळगणे हा गुन्हा ठरला. घरी गाळलेली चोरटी, दुकानात विकत घेतलेली कायदेशीर. सरकारला महसूल हवा होता. दारूच्या गुत्त्याचा मालक हाच पुष्कळदा जमिनीचाही मालक असे. मजुरीचे पैसे एका हाताने दिले की दुसऱ्या हाताने गुत्त्यावर परत येत. उधारी वाढली की माणूस वेठीला. म्हणजे ज्या दारूला ‘त्यांची संस्कृती’ म्हणतात, तिच्यातला मोठा भाग सरकारी तिजोरीने आणि सावकाराच्या वहीने पाजलेला आहे.

आणि याच पट्ट्यातल्या लोकांनी ती झुगारलीही होती. १९२२ सालची गोष्ट. पालघरच्या किनाऱ्यावरील मांगेला मच्छीमारांत देवी अंगात येण्याचे एक लोण उठले. ते डोंगराळ भागातल्या आदिवासींत पसरत उत्तरेला गेले आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात सुरत जिल्ह्यातील आदिवासी हजारोंच्या संख्येने जमू लागले. देवीची आज्ञा काय, तर दारू-ताडी पिऊ नका, रोज अंघोळ करा, घर स्वच्छ ठेवा, दारूवाल्याच्या घरी कामाला जाऊ नका. गुत्ते ओस पडले, मजूर मिळेनात, अबकारी अधिकारी हवालदिल झाले. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी १९८७ साली या चळवळीवर स्वतंत्र पुस्तक लिहिले आहे. देवी अंगात येण्यावर आपला विश्वास नाही आणि असण्याचे कारणही नाही. पण आज्ञा नीट वाचा. त्यात नवस नाही, बळी नाही. दारू, स्वच्छता आणि शोषकाशी असहकार आहे. काही काळाने लोण ओसरले, पुष्कळजण पुन्हा प्यायला लागले, हेही खरे. तरी कोणा पाहुण्याने पडद्यावर कवटी न दाखवता अडाणी म्हटल्या गेलेल्या माणसांनी हे केले होते. तलासरीतील झरी गावी १९४५ साली गोदावरी परुळेकरांच्या सभेला वारली शेतमजूर लोटले आणि वेठबिगार नाकारून उठले, ते तर सर्वांना ठाऊकच आहे. सरांनी हे दोन्ही प्रसंग इतिहासाच्या तासाला सांगितले. मुलांना झरी माहीत होते, १९२२ माहीत नव्हते. “मग आमच्या पणजोबांनी सोडली होती?” असे एकाने विचारले म्हणे. कवटीच्या चित्राने असा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

पुडी

गुटख्यावर महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून बंदी आहे. दरवर्षी ती वाढवली जाते. गुजरातेतही त्याच वर्षी बंदी आली. तरी पुडी मिळते. एक युक्ती अशी की सुगंधी सुपारीची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी अशा दोन वेगळ्या विकायच्या, गिऱ्हाइकाने तोंडात एकत्र करायच्या. बाकी उघड गुपित आहे.

आकडे सांगतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातील १५ वर्षांवरील दर शंभर माणसांत सुमारे सत्तावीस जण तंबाखूचे सेवन करणारे आढळले. त्यात धूर ओढणारे चारच्या आत, आणि न जाळता खाणारे-लावणारे चोवीसवर. म्हणजे आपला महाराष्ट्र विडी-सिगारेटीपेक्षा तळहातावरच्या तंबाखूने, पुडीने आणि मशेरीने पोखरला आहे. सिगारेटच्या धुरावरचे फलक शाळेत लावून फारसे साधणार नाही, ते यासाठी.

दाढदुखीच्या चिठ्ठीचे उत्तर सरांनी असे दिले. तंबाखूने हिरडी बधिर होते, दाढ बरी होत नाही. कीड आत वाढतच राहते. निकोटीन मेंदूत पोहोचते, बरे वाटते, आणि ते ओसरले की जी बेचैनी होते ती दाढेची नसून तंबाखूची असते. रात्रपाळीच्या दादाचेही तेच. पुडीने झोप थोडी लांबते, पण पुडी नसताना जी मरगळ येते ती पुडीनेच दिलेली असते. भुकेचेही तसेच. आणि सुपारी निरुपद्रवी आहे हा समज तर साफ चुकीचा. तंबाखू नसली तरी नुसती सुपारी कर्करोग करते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली जाहीर केले. सुपारीने गालाच्या आतली त्वचा ताठ, पांढरट होते, तिखट सोसत नाही, हळूहळू तोंडच उघडेनासे होते. परीक्षा सोपी आहे: आपल्या हाताची मधली तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात जातात का पाहा. सरांनी सगळ्या वर्गाला हे करायला लावले. दोन मुलांची दोनच बोटे गेली. वर्ग हसला नाही. पुढच्या आठवड्यात सर त्या दोघांना घेऊन दवाखान्यात गेले.

मशेरीबद्दल मात्र मला आपल्याच घरांशी बोलायचे आहे. भाजलेल्या तंबाखूची ही काळी पूड आपल्या कितीतरी आया-आज्या सकाळी दाताला लावतात, तासभर तोंडात धरतात. गरोदरपणीही सोडत नाहीत; त्याने पोटातल्या बाळाचे वजन घटते. पंचशीलातले पाचवे शील आपण विहारात हात जोडून म्हणतो आणि घरी आल्यावर “अरे, माझी मशेरीची डबी बघ कुठे ठेवली” म्हणून नातवालाच धाडतो. पोराच्या हातून आणलेली ती पहिली तंबाखू. बाबासाहेबांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांना सांगितले होते की दारूडा नवरा असो की मुलगा, त्याला जेवू घालू नका. मशेरीच्या बाबतीत हा नियम कोणी कोणाला लावायचा, हा प्रश्नच आहे!

कायदा काय म्हणतो तेही माहीत असावे. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकता येत नाही आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत, म्हणजे साधारण नव्वद मीटरमध्ये, टपरीवर ती ठेवता येत नाही. दंड मात्र दोनशे रुपयांपर्यंत. टपरीवाला तो दुपारपर्यंत कमावतो. पण २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे ७७ वे कलम फार कमी लोकांना माहीत आहे. मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. शाळा व्यवस्थापन समितीने हे कलम मोठ्या अक्षरांत लिहून टपरीवाल्याला एकदा शांतपणे वाचून दाखवावे. सरांच्या शाळेसमोरची टपरी त्यानंतर नाक्याकडे सरकली. बंद झाली नाही, सरकली. एवढेही पुष्कळ.

सोल्युशन, हायवे आणि वापी

पंक्चरचे सोल्युशन, व्हाइटनर, थिनर यांच्या वासाची नशा ही मोठ्यांची नव्हे, मुलांचीच नशा आहे. दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेली आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेली देशव्यापी पाहणी हेच सांगते. हुंगण्याची नशा मोठ्यांत शंभरात एकाहून कमी. दहा ते सतरा वयाच्या मुलांत मात्र १.१७ टक्के. देशातील सुमारे ४ लाख ६० हजार मुलांना त्यासाठी मदतीची गरज असल्याचा त्या पाहणीचा अंदाज होता. ही वस्तू दुकानात उघड मिळते, स्वस्त असते आणि घरच्यांना संशय येत नाही. त्यातले टोल्युइनसारखे द्रव्य मेंदू व नसा खराब करते, आणि कधी कधी पहिल्याच वेळी हृदयाचे ठोके बिघडून मूल जागीच मरते. कपड्याला रसायनाचा वास, नाकातोंडाभोवती चट्टे, पाणावलेले लाल डोळे, अचानक तुटलेला अभ्यास ही लक्षणे आईबापांनी ओळखावीत. ओळखल्यावर मारू नये. धपाटा खाल्लेले मूल पुढच्या वेळी घरापासून लांब जाऊन हुंगते, एवढाच फरक पडतो.

आता तलासरीचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. मधून मुंबई-अहमदाबाद महामार्ग जातो. वर गुजरात, जिथे राज्य झाल्यापासून, १९६० पासून, दारूबंदी आहे. शेजारी दमण आणि सिल्वासा, जिथे दारू मोकळी. त्यामुळे बाटल्यांची चोरटी ने-आण हा या सीमेवरचा जुना धंदा. त्याला वाटाड्या लागतो, मोटारसायकलवरचा पोऱ्या लागतो. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा यासाठी सोयीचा, कारण पकडला तर लहान म्हणून सुटेल असे धंदेवाला समजतो. त्याच बाल न्याय कायद्याचे ७८ वे कलम म्हणते की मुलाकडून दारू वा अमली पदार्थ विकवून घेणाऱ्या, वाहून नेववणाऱ्या मोठ्या माणसालाही सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पकडल्या गेलेल्या मुलाच्या घरी हे कोणी सांगत नाही.

दहावी नापास झालेला, कधी पासही झालेला मुलगा वापी, उंबरगावच्या कारखान्यांत जातो. बारा तास उभे राहायचे, रसायनांचा वास, खोलीत आठजण. आपली बोईसरच्या एमआयडीसीत जाणारी मुलेही यातूनच जातात. हातात पहिला पगार, डोळ्यांसमोर वडीलधारे कोणी नाही. तिथे पुडीपासून गांज्यापर्यंतचा रस्ता लहान असतो. आणि अलीकडे ‘एमडी’, म्हणजे मेफेड्रोन. २०१५ साली हे द्रव्य अमली पदार्थविरोधी कायद्यात घातले गेले. ‘एनर्जी येते’ म्हणून कोणी मित्र पहिली चिमूट फुकट देतो. धंद्याची पहिली चिमूट नेहमीच फुकट असते. मग झोप जाते, भूक जाते, संशय वाढतो. सरांच्या मते सुईचे चित्र दाखवण्यापेक्षा ‘तुझा मित्र रात्रपाळीला तुला फुकट काहीतरी देतो आहे, तू काय म्हणशील?’ हे वर्गात बोलवून घेणे शंभर पटींनी उपयोगी.

तास कसा घ्यावा

सरांचे हे मत केवळ अनुभवाचे नाही. अमेरिकेत १९८३ साली लॉस एंजेलिसला ‘डेअर’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. गणवेशातले पोलीस शाळेत येऊन मुलांना अमली पदार्थांविरुद्ध धडे देत. तो देशभर गेला, अमाप पैसा खर्च झाला. नव्वदच्या दशकात अभ्यासकांनी तपासले तेव्हा धडे घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत पुढे फारसा फरक आढळला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयाने २०१३ मध्ये प्रतिबंधाचे जे आंतरराष्ट्रीय मानदंड काढले आणि २०१८ मध्ये सुधारले, त्यातही हेच आहे: नुसते भय दाखवणे, एकच एक भाषण, पूर्वी व्यसनी असलेल्याने येऊन हकीकत सांगणे, यांनी मुलांत फरक पडत नाही, कधी उलटच होते. काम करते ते अनेक आठवडे चालणारे, मुलांना बोलायला, नकार द्यायला, राग-दुःख हाताळायला शिकवणारे शिक्षण, आणि ते देणारा प्रशिक्षित, रोजचा शिक्षक.

सरांच्या वर्गात मुले छोटी नाटुकली करतात, तीही प्रमाण मराठीत नव्हे, घरच्या वारलीत. एकजण पुडी पुढे करतो, दुसरा टाळतो. पहिल्यांदा सगळ्यांनी भाषणासारखा नकार दिला, ‘नको, व्यसन वाईट असते.’ सर म्हणाले, असे कोण बोलते रे? मग खरे नकार निघाले. ‘तोंड आले आहे.’ ‘मॅच आहे, दम लागतो.’ ‘आई वास घेते.’ थट्टा करून विषय बदलणे हाही नकारच, हे मुलांनीच शोधून काढले. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी, मूल शाळेत येत नाही तर शाळा मुलाकडे न्यावी म्हणून गुरांमागे जाणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली होती. त्याच डहाणू तालुक्याच्या शेजारी हे चालले आहे, म्हणून आठवण झाली.

ज्याला सवय लागलीच आहे त्याचे काय? ती शिस्तीची बाब नाही, आजार आहे. १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले, तेव्हा गर्दच्या विळख्यातल्या मुलांना लोक तुरुंगात नाहीतर वेड्यांच्या इस्पितळात घालायचे. माराने, कोंडण्याने नव्हे तर उपचाराने, गटाच्या आधाराने माणूस बाहेर येतो, हे त्यांनी दाखवून दिले. अमली पदार्थविरोधी कायद्यातही स्वतः होऊन उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यातून सवलत मिळण्याची तरतूद, ६४-अ कलमात, आहे. शाळेतून नाव काढून टाकणे हा उपाय नव्हे. ते मूल त्या दिवसापासून नाक्याचे होते. १४४४६ या केंद्र सरकारच्या मोफत दूरध्वनीवर सल्ला मिळतो, तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ आहे, आणि मुलांच्या कुठल्याही संकटासाठी १०९८.

गावालाही हात आहेत. तलासरी व डहाणू हे दोन्ही तालुके पाचव्या अनुसूचीतले. १९९६ च्या ‘पेसा’ कायद्याने आणि महाराष्ट्राच्या २०१४ च्या नियमांनी इथल्या ग्रामसभेला मादक पदार्थांची विक्री व सेवन यांवर बंदी घालण्याचा किंवा नियंत्रण ठेवण्याचा अधिकार दिला आहे. शहरातल्या आपल्या वस्तीला इतका थेट अधिकार नाही. तो वापरायचा तर ग्रामसभेला बायका आल्या पाहिजेत, आणि ग्रामसभा बहुधा मजुरीच्या दिवशी भरते.

एक चिठ्ठी

निघताना सरांनी डब्यातून न काढलेली, खिशातल्या पाकिटात जपलेली एक चिठ्ठी दाखवली. शाईच्या पेनने, वळणदार अक्षरात लिहिलेली होती. ‘सर, संध्याकाळी घरी ताडी विकायला मीच बसते. बाबा नाहीत. त्यावर माझ्या वह्या येतात. मी गुन्हेगार आहे का?’

अक्षर त्यांनी ओळखले होते. मुलगी कोण हे मला सांगितले नाही, मीही विचारले नाही. शनिवारच्या तासाला त्यांनी कोणाकडेही न पाहता चिठ्ठी वाचली आणि उत्तर दिले: नाही. कायदा मुलाला विकायला बसवणाऱ्या मोठ्या माणसाला धरतो. पण आई तरी कोणाच्या आधारावर घर चालवणार, तेव्हा पोलिसाकडे जायच्या आधी आपण वह्यांचे बघू. दहावीपर्यंतच्या शिष्यवृत्तीचा अर्ज कोणकोणाचा राहिला आहे, डहाणूच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयाकडे वसतिगृहासाठी कोणाला अर्ज करायचा आहे, हे त्यांनी सगळ्या वर्गाला विचारले. नऊ हात वर आले.

पुढच्या शनिवारी त्याच अक्षरात दुसरी चिठ्ठी होती: ‘संध्याकाळी अभ्यासाला शाळा उघडी ठेवाल का? सहा ते आठ.’ गिऱ्हाईक येते ती हीच वेळ. सरांनी हेडमास्तरांकडून किल्ली मागून घेतली. एका खोलीत दिवा होता, दुसरा त्यांनी स्वतः आणून लावला. पहिल्या दिवशी चार मुली आल्या. मी गेलो त्या आठवड्यात अकरा येत होत्या, आणि सर घरी जायला नऊ वाजवत होते.